हप्त्याचे खाते

काशीत दुर्गाघाटावरच्या आमच्या घरी मोटार आहे, हे विधान व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष असले तरी भूगोलाच्या दृष्टीने खोटे आहे. कारण पंचगंगा आणि ब्रह्माघाट यांच्या मधोमध वसलेल्या या वस्तीत, जिथे समोरून सांड आला तर माणसाने भिंतीला पाठ लावून त्याला वाट द्यावी असा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज आहे, चार चाकांचे वाहन शिरण्याची सोय कोणी केली नाही आणि कोणी करील असेही दिसत नाही. आमची मोटार मैदागिनच्या बाजूला एका ओळखीच्या आवारात मासिक भाड्याने उभी असते. लग्नामुंजीला देशाकडून पाहुणे आले की त्यांना मोटारीने मैदागिनपर्यंत आणावयाचे, आणि तेथून पुढे वळकट्या खांद्यावर टाकून पायीच घाटाकडे उतरावयाचे, असा क्रम ठरलेला. घरातील मंडळींना तिचे दर्शन आठवड्यातून एखाद्या वेळी घडते. तिचा हिशेब मात्र माडीवरच्या चौरंगावर, काकांच्या देखरेखीखाली, नित्यनेमाने होतो.

काका म्हणजे माझे थोरले चुलते. वेदाध्ययनात सारे आयुष्य गेलेला हा मनुष्य जमाखर्चाच्या बाबतीत पेशव्यांच्या दप्तरातल्या एखाद्या जुन्या कारकुनाइतका काटेकोर आहे. लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहीत रोजकीर्द लिहावी, महिनाअखेर तिची खतावणी करावी, आणि एकही दमडी खात्यावाचून अधांतरी राहू देऊ नये, हा त्यांचा नेम संध्यावंदनाइतकाच अढळ. त्या वहीत देवधर्म आहे, घरखर्च आहे, औषधपाणी आहे, येणे आणि देणे आहे, बुडीत रकमांसाठी बट्टाखाते आहे, आणि आम्हां पुतण्यांच्या पराक्रमांसाठी खास राखून ठेवलेले अक्कलखातेही आहे. गेल्या भाद्रपदात, गंगा पायऱ्या गिळीत वर चढत असता, मोटारीच्या विम्याचा हप्ता भरल्याची पावती मी त्यांच्यापुढे ठेवली, तेव्हा लेखणी तशीच हातात धरून त्यांनी विचारले, “हे कोणत्या खात्यावर टाकू?”

“घरखर्च,” मी म्हणालो.

“घरखर्चात वस्तू घरात येते. इथे काय आले?”

“काका, काही आले नाही हेच बरे. काही आले असते तर ते संकट असते.”

“मग बट्टाखात्यावर टाकतो.”

“पैसे बुडाले कुठे? वर्षभराची हमी मिळाली.”

“कसली हमी? गाडी आपटणार नाही याची?”

याची हमी कोणी दिलेली नव्हती, हे मला कबूल करावे लागले. आणि काकांनी ती ओळ त्या दिवशी कोरी सोडली, जे त्यांच्या हातून माझ्या आठवणीत प्रथमच घडले.

ही कोरी ओळ पुढे कित्येक दिवस मला छळीत राहिली. जी गोष्ट घडू नये अशी आपली इच्छा असते, तिच्यासाठी आगाऊ पैसा द्यावा, ती घडली नाही तर पैसा गेला म्हणून हळहळू नये, आणि घडलीच तर पैसा मिळाला म्हणून आनंदू नये, असा हा चमत्कारिक व्यवहार आहे. विमा हा शब्दच आपण फारशीच्या अंगणातून उचलला, आणि तेथे ‘बीम’ म्हणजे भय. ज्याच्या नावातच भय आहे असा सौदा, ज्या शास्त्राने अभयाला दैवी संपत्तीत पहिले स्थान दिले त्या शास्त्राच्या अभ्यासकाने कोणत्या तोंडाने करावा? काशीत तर हा प्रश्न अधिकच अवघड होतो. येथे माणसे मरावयास येतात. काशीवास म्हणून शेवटचे दिवस येथे काढावेत, अंतकाळी विश्वनाथाने कानात तारक मंत्र सांगावा आणि जन्ममरणाची दगदग एकदाची मिटावी, एवढीच ज्यांची मागणी, अशांच्या नगरीत मोटारीच्या दरवाजावर ओरखडा पडेल की काय या चिंतेने बेचैन होणारा मनुष्य थोडा हास्यास्पदच दिसतो.

परंतु भयाची किंमत ठरविणे ही काही परक्यांनी आपल्याला शिकविलेली विद्या नव्हे. याज्ञवल्क्यस्मृतीत तारणावर दिलेल्या कर्जास दरमहा मुदलाचा ऐंशीवा भाग, म्हणजे शेकडा सव्वा, एवढे व्याज सांगितले आहे. परंतु कर्ज घेणारा घोर अरण्यातून जाणारा असेल तर शेकडा दहा आणि समुद्रावर जाणारा असेल तर शेकडा वीस. ही स्मृती उलगडून दाखविणारा विज्ञानेश्वर, जो चालुक्यांच्या कल्याणीत बसून लिहीत होता आणि ज्याची मिताक्षरा पुढे बनारसच्या धर्मशास्त्राचा कणा होऊन बसली, तो याचे कारण देताना अशा ठिकाणी प्राणाची आणि धनाची दोहोंचीही धास्ती असते याकडे बोट दाखवितो. धोका वाढला की दर वाढावा, हे आजच्या विमा कंपनीचे मूलसूत्र यात अगदी स्पष्ट आहे. पुढे सराफांच्या पेढ्यांवर जोखमी हुंडी चालू लागली, जिची रक्कम माल सुखरूप पोहोचला तरच देय होई आणि गलबत बुडाले तर हुंडी धारण करणाऱ्याच्या पदरात कागदाखेरीज काही राहत नसे. आमचा हा घाट अठराव्या शतकात पेशव्यांना गुरुस्थानी असलेल्या नारायण दीक्षित पाटणकरांनी बांधविला. त्या काळी पुण्याहून काशीस येणारा दानधर्माचा पैसा सराफांच्या हुंड्यांवर येई, आणि वाटेतल्या चोराचिलटांचे भय हुंडणावळीत मोजून मोकळे होण्यात कोणाच्या धर्मनिष्ठेला बाध आल्याचे ऐकिवात नाही.

काकांचा आक्षेप याहून खोल होता, आणि तो त्यांनी एके संध्याकाळी ब्रह्मचारिणी देवीच्या दर्शनाहून परतताना पायऱ्यांवर टेकून बोलून दाखविला. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंताने भक्तांचा योगक्षेम स्वतः वाहण्याचे अभिवचन दिले आहे. मग ज्याला हे अभिवचन मिळाले त्याने पुन्हा एखाद्या कंपनीकडून छापील हमीपत्र घेणे म्हणजे श्रीमंत सावकाराचा जामीन असताना कोपऱ्यावरच्या पानवाल्याचाही जामीन मागणे नव्हे काय?

मी म्हणालो, “काका, ते अभिवचन अनन्यचित्त माणसाला आहे. मैदागिनला गाडी उभी करून गल्लीत शिरताना मी तीनदा मागे वळून पाहतो. मला अनन्य कोण म्हणेल?”

काका हसले; परंतु या हसण्यावारी नेलेल्या उत्तरात मला पुढे पुष्कळ अर्थ दिसू लागला. आचार्यांनी योग आणि क्षेम या दोन शब्दांची जी फोड केली आहे, की जे प्राप्त नाही ते मिळणे हा योग आणि जे प्राप्त आहे त्याचे रक्षण हा क्षेम, ती फोड विम्याच्या पावतीला लावून पाहिली म्हणजे या व्यवहाराची मर्यादा आणि त्याचे पावित्र्य, दोन्ही एकदमच ध्यानात येतात. १९५६ साली स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाच्या बोधचिन्हाखाली गीतेचे तेच शब्द आहेत. आयुष्याच्या विम्यात बचतीचा अंश मिसळलेला असल्यामुळे तेथे योगाचा थोडाबहुत दावा चालूनही जाईल. मोटारीच्या विम्यात तो मुळीच चालत नाही. नुकसान झाले तर नुकसानीपुरते द्यावे, त्याहून एक पैसाही अधिक देऊ नये, अपघातापूर्वी मनुष्य जेथे होता तेथे त्याला परत नेऊन सोडावे आणि त्यापलीकडे त्याच्या भाग्यात ढवळाढवळ करू नये, हे त्याचे मूळ तत्त्व आहे. तेव्हा हा नुसता क्षेम. यात योग शोधू जाणारा मनुष्य एक तर फसतो, नाही तर फसवितो. जुना ओरखडा नव्या अपघाताच्या नावावर खपविणारे आणि गॅरेजवाल्याशी संगनमत करून फुगविलेले बिल पाठविणारे सद्गृहस्थ आपल्या ओळखीत असतातच, आणि ते चोरीही करीत असतात ती कंपनीची नव्हे, आपल्याबरोबर हप्ता भरणाऱ्या हजारो अनोळखी माणसांची. कारण कंपनीची तिजोरी या हप्त्यांनीच भरलेली असते.

या क्षेमाचे मोजमाप ज्याने होते, ती विमापत्रावरची घोषित किंमत, मला तर वैराग्यशतकाचे एखादे पान वाटते. नव्या गाडीची सूचीतली किंमत घ्यावयाची आणि तीतून वयोमानाप्रमाणे घसारा वजा करावयाचा: सहा महिन्यांच्या आत शेकडा ५, वर्ष पुरे होईपर्यंत १५, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४० आणि पाचवे वर्ष सरता सरता ५०, त्यापुढे किंमत मालक आणि कंपनी यांनी आपसांत ठरवावी. दुरुस्तीचा खर्च या किमतीच्या पाऊणपटीहून अधिक होऊ लागला की गाडी संपूर्ण नष्ट झाली असे धरतात आणि हीच रक्कम हाती ठेवतात. रबर, प्लास्टिक, बॅटरी यांचे सुटे भाग बदलले तर त्यांच्या निम्म्याच किमतीची भरपाई मिळते. काचेला मात्र घसारा नाही, जणू काच म्हातारी होत नाही. सुट्या भागांवरचा हा घसारा टाळावयाचा असेल तर झिरो डेप म्हणून जादा हप्त्याची तजवीज आहे. ती पहिली चारपाच वर्षे, सुटे भाग महाग असताना, घेण्यासारखी, आणि नंतर सोडून देण्यासारखी. गंमत अशी की माणसे येथेही ममत्वाला बळी पडतात. कोणी हप्ता वाचावा म्हणून घोषित किंमत मुद्दाम कमी लिहवून घेतो आणि गाडी चोरीला गेली म्हणजे कपाळाला हात लावतो. कोणी आपल्या सात वर्षांच्या गाडीची किंमत उतरलेली बघवत नाही म्हणून ती वाढवून घेतो आणि जी रक्कम घासाघिशीनंतर कदाचित मिळणारही नाही तिच्यावर दरसाल हप्ता भरीत बसतो. बाजारात आज ती गाडी जेवढ्याला जाईल तेवढेच लिहावे, यात शहाणपण आहे आणि सत्यही.

येथे एका सांडाची हकीकत सांगितली पाहिजे. तीन वर्षे विम्याकडे एक पैसाही न मागता गेली होती, त्यामुळे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी जो हप्ता असतो त्यात शेकडा ३५ ची सूट मी उपभोगीत होतो, आणि चौथे वर्ष निर्वेध गेले असते तर ती ४५ होणार होती. अशात एका सकाळी मैदागिनच्या आवाराबाहेर गाडी काढून ठेवली असता एका वयोवृद्ध सांडाने, कोणत्या पूर्ववैराने देव जाणे, डाव्या दरवाजात शिंग घातले. मिस्त्रीने ५,२०० रुपये सांगितले. धाकटा भाऊ म्हणाला, “दादा, विमा कशाला भरतोस मग? कर की दावा.” मी पाटी घेतली. दावा केला तर अनिवार्य वजावटीचे १,००० रुपये जाऊन हाती ४,२०० येणार. सूट मात्र मुळापासून जाणार, आणि पुन्हा शून्यावरून चढत २०, २५, ३५, ४५ असे करीत ५० ला पोहोचावयास वर्षे लागणार. माझा मूळ हप्ता १२,००० धरला आणि तो स्थिर राहील असे मानले, तर दावा न करता पुढची वर्षे ४५ आणि मग ५० या सुटीने गेली असती. दाव्यामुळे पहिल्या वर्षी ५,४००, दुसऱ्या वर्षी ३,६००, तिसऱ्या वर्षी ३,०००, चौथ्या वर्षी १,८०० आणि पाचव्या वर्षी ६००, मिळून १४,४०० रुपये अधिक मोजावे लागले असते. गाडी जुनी होईल तसा मूळ हप्ताही उतरतो, म्हणून हा आकडा प्रत्यक्षात काहीसा कमी भरेल. तरी ४,२०० साठी त्याच्या दुप्पट तिप्पट घालविण्यासारखेच ते झाले. मी दरवाजा पदरच्या पैशाने ठोकून घेतला. काकांनी तो खर्च विनातक्रार देवधर्म खात्यावर टाकला, कारण सांड झाला तरी तो नंदीच.

जे सोसवते ते आपण सोसावे, एवढेच यातून मला कळले, आणि हे कळावयास काशी ही अगदी योग्य जागा आहे. काशीत देह ठेवणाऱ्याला मोक्ष आहे खरा. परंतु त्याआधी काळभैरव, जो या नगरीचा कोतवाल, जन्मभराच्या पापांची भैरवी यातना क्षणार्धात भोगावयास लावतो आणि मगच पुढचे दार उघडते, अशी येथली जुनी श्रद्धा आहे. विमापत्रातली वजावट मी काकांना समजावून सांगू लागलो, तेव्हा त्यांनी मला मध्येच थांबवून म्हटले, “म्हणजे विश्वनाथाने सोडले तरी कोतवालाची वसुली चुकत नाही, असेच ना?” अगदी असेच. १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० आणि त्यावरच्या गाडीला २,००० रुपये ही सक्तीची वसुली; शिवाय आपण होऊन २,५००, ५,०००, ७,५०० किंवा १५,००० रुपये सोसण्याची तयारी दाखविली, तर कंपनी हप्त्यात सूट देते. ज्याच्या घरात पाचदहा हजारांची रक्कम अडीअडचणीसाठी बाजूला पडलेली असते, त्याने ही स्वेच्छेची यातना पत्करण्यास हरकत नाही; ज्याच्याकडे ती नसते, त्याने सुटीच्या लोभाने ती पत्करणे हे मात्र वैराग्याचे सोंग होय.

नदीकाठच्या माणसाला आणखी एक गोष्ट शिकावी लागते. ९ सप्टेंबर १९७८ रोजी गंगेचे पाणी येथे ७३.९०१ मीटरवर गेले होते, धोक्याची रेघ ७१.२६२ वर असताना. त्या पुराच्या गोष्टी ऐकतच आमची पिढी वाढली. पुराने गाडीचे जे नुकसान होते ते सर्वंकष विम्यात येते. परंतु पाणी उतरल्यावर अधीरपणे किल्ली फिरविली, सिलिंडरात शिरलेले पाणी दाबले न गेल्यामुळे आतला दांडा वाकला आणि इंजिन गेले, तर तो तोटा पुराचा नसून तुमच्या घाईचा, असे म्हणून कंपनी हात वर करते, आणि इंजिनासाठी वेगळे संरक्षण घेतले नसेल तर तिचे म्हणणे टिकतेही. पाण्यात राहिलेली गाडी ओढून न्यावी. किल्लीला हात लावू नये.

महाभारताच्या शांतिपर्वात आणि पंचतंत्रात तीन माशांची गोष्ट आहे: एक संकट येण्यापूर्वीच तजवीज करणारा, दुसरा संकट आल्यावर ऐन वेळी युक्ती लढविणारा, तिसरा होईल ते होईल म्हणून स्वस्थ राहणारा. त्या गोष्टीत पहिले दोघे तरतात. विम्याच्या तळ्यात मात्र दुसऱ्या माशालाही जागा नाही. कारण मुदत उलटून गेलेल्या विम्याचे नूतनीकरण करावयाचे तर कंपनीचा मनुष्य आधी गाडी तपासतो, आणि ९० दिवस उलटले तर वर्षानुवर्षे जपलेली सूटही मातीमोल होते. पाणी पायऱ्यांवर दिसू लागल्यावर सुचलेली युक्ती उपयोगाची नसते.

आतापर्यंत जे लिहिले ते सगळे स्वतःच्या गाडीपुरते झाले. त्यात चूक झाली तर फार तर पैसा जातो, आणि अक्कलखाते त्यासाठीच असते. परंतु त्या पावतीत दुसरी एक रक्कम असते, जिच्यामुळे खरे म्हणजे काकांची ओळ कोरी राहिली होती, आणि तिच्याकडे माझे लक्ष जावयास एक जुना अपघात आठवावा लागला.

काही वर्षांपूर्वीच्या पौषात, पहाटेच्या दाट धुक्यात सारनाथच्या रस्त्याने येत असता, दुधाच्या हंड्या लटकविलेली एक सायकल माझ्या दिव्यांपुढे आली तेव्हा ती इतकी जवळ होती की ब्रेक लावण्याचा काही अर्थ उरला नव्हता. चूक धुक्याची म्हणावी तर धुके काही माझ्या वेगाने चाललेले नव्हते. तो गृहस्थ वाचला. गळ्याखालचे हाड आणि एक मनगट मोडले, आणि सहा महिने त्याला हंडी उचलता आली नाही. त्याला रुग्णालयात पोहोचवून, पोलिसांत वर्दी देऊन मी घरी आलो आणि काकांना सारे सांगितले, तेव्हा त्यांनी माझी विचारपूस केली नाही, गाडीची केली नाही, एवढेच विचारले, “आता त्याच्या घरी चूल कशी पेटते?”

यथाकाळ मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात प्रकरण चालले, उपचारांचा खर्च आणि बुडालेली कमाई यांचा हिशेब झाला, आणि ती रक्कम त्याला मिळाली. ती मी दिली नाही. माझ्या आधी आणि माझ्यानंतर ज्यांनी कायद्याच्या धाकाने, बहुधा कुरकुरत, तृतीय पक्षाचा हप्ता भरला, त्या सर्वांनी मिळून दिली. आणि मीही इतक्या वर्षांत कोणाकोणाची मोडलेली हाडे नकळत सांधीत आलो असेन, हे तो अपघात आठवताना प्रथम ध्यानात आले.

तृतीय पक्ष हा शब्द कायद्याचा, आणि फार विचार करावयास लावणारा. करार माझा आणि कंपनीचा. परंतु तो ज्याच्यासाठी करावयाचा तो त्यावर सही करीत नाही, त्याला त्याची खबर नसते, किंबहुना करार होतेवेळी तो कोण हे ब्रह्मदेवासही सांगता येणार नाही. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातील सक्तीच्या विम्याची कलमे १ जुलै १९४६ पासून अमलात आली. १९८८ च्या कायद्याने कलम १४६ मध्ये तीच सक्ती पुढे चालविली. या विम्यात माणसाच्या जिवाला अथवा गात्राला झालेल्या हानीस रकमेची मर्यादा नाही, मालमत्तेच्या हानीस साडेसात लाखांची आहे. आणि चालकाच्या परवान्यात खोट निघाली तरी कंपनीने जखमीला आधी पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करून घ्यावेत, असा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वर्णसिंगाच्या प्रकरणात दाखविला. पैशाच्या जगात वावरणाऱ्या न्यायाने येथे परक्याला सर्वांच्या पुढे बसविले आहे. याचा हप्ताही कंपनी ठरवीत नाही, सरकार ठरविते: जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात १,००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला वर्षाला २,०९४, १,५०० पर्यंत ३,४१६ आणि त्यावर ७,८९७ रुपये. सर्व कंपन्यांत तो एकच असल्यामुळे येथे घासाघीस नाही. जी काय तुलना आणि चौकशी करावयाची ती स्वतःच्या नुकसानीच्या भागात करावी. हा विमा नसताना गाडी रस्त्यावर आणली तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पहिल्या खेपेस २,००० रुपये दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. मला विचाराल तर दंड फारच सौम्य आहे. गाडीचा मालक स्वतः मात्र या तृतीय पक्षात मोडत नाही, म्हणून त्याच्या अपघाती मृत्यूसाठी १५ लाखांचे वेगळे संरक्षण २०१८ पासून जोडलेले आहे. बायकामुलांचा विचार करणाऱ्याने ते छापील कागदावर खरोखर आहे की नाही एवढे पाहून घ्यावे.

या वर्षी पुन्हा भाद्रपद आला. पावती घेऊन मी माडीवर गेलो, आणि वही उघडण्यापूर्वीच काकांना म्हणालो, “यात दोन रकमा आहेत. त्या एका ओळीत लिहू नका.” स्वतःच्या गाडीच्या रकमेबद्दल त्यांनी वाद घातला नाही, ती घरखर्चात, मोटारीच्या भाड्याखाली गेली. मग दुसरीवर बोट ठेवून त्यांनी विचारले, “आणि ही?”

मी त्यांना त्यांचेच वेद ऐकविण्याचे धाडस केले. देव, ऋषी आणि पितर यांची तीन ऋणे सर्वांना पाठ असतात. शतपथ ब्राह्मणात त्यांच्या जोडीला चौथे ऋण सांगितले आहे, मनुष्यांचे, आणि माणसांना आसरा नि अन्न देऊन ते फेडावे असे म्हटले आहे. अतिथी कोण, तर ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नसते तो. माझ्या दिव्यांपुढे धुक्यातून आलेला तो दूधवाला कोणती तिथी सांगून आला होता?

काका बराच वेळ खिडकीतून खाली पाहत राहिले. पाणी खर्व नृसिंहाच्या देवळाच्या बाजूच्या पायऱ्यांपर्यंत आले होते, आणि मल्लाह आपल्या नावा वरच्या कड्यांना बांधीत होते. नावाड्याच्या चुकीने उतारूंचे सामान बिघडले तर नावाड्यांनी ते भरून द्यावे, दैवाने बिघडले तर त्यांच्याकडे बोट दाखवू नये, हा मनूने आठव्या अध्यायात घालून दिलेला भेद त्यांना आठवला असावा, कारण ते म्हणाले, “चूक आणि दैव यांची वाटणी मनूनेही केली आहे. पण दैवाने मोडलेल्या हाडाचे कोणी भरावे, हे त्याने सांगितले नाही.”

मग त्यांनी खतावणीत नवे पान काढले, आखणी केली, माथ्यावर देणे असे लिहून खाली मनुष्यऋण हे नाव घातले, आणि पुढे ३,४१६ रुपये व त्यावरचा कर मांडला. देण्याच्या खात्यात धनकोचे नाव लिहावे लागते, म्हणून त्यांची लेखणी त्या रकान्याशी थांबली. मी दूधवाल्याचे नाव सांगितले. “त्याचे फिटले,” ते म्हणाले. नावाची जागा त्यांनी कोरी ठेवली, शाई वाळू दिली आणि पंचगंगेकडून आरतीची घंटा ऐकू येऊ लागली तशी वही बांधून ते खाली उतरले.